आत्मरक्षणाचें पिस्तूल आणि पंडित जॅक्सन

जुन्या शस्त्रांचा संग्रह करणारे आपण लोक शस्त्राचा काळ, घडण व मालक यांची नोंद ठेवतों. परंतु कारागिरानें तें कोणत्या हेतूनें घडविलें आणि वापरणाऱ्यानें तेंच कां निवडलें, याची नोंद क्वचितच आढळते. कट्यार-बिचव्याच्या बाबतींत ही उणीव एक वेळ चालेल. लहान तोंडाच्या पिस्तुलाच्या बाबतींत ती चालत नाहीं. याचें ठळक उदाहरण म्हणजे ता. 21 डिसेंबर 1909 रोजीं नाशकास झालेला कलेक्टर जॅक्सन यांचा वध होय. तो करणारे अनंत लक्ष्मण कान्हेरे हे शिक्षणानिमित्त आमच्या औरंगाबादेंत, म्हणजे आतांच्या छत्रपति संभाजीनगरांत, राहिलेले होते.

प्रथम शस्त्राचा विचार करूं. अमेरिकेंतील जॉन मोझेस ब्राउनिंग यांच्या आराखड्यावरून बेल्जममधील हर्स्टाल येथील कारखान्यानें 1900 सालीं एक पिस्तूल काढलें. त्याचा व्यास 7.65 मिलिमीटर, लांबी सुमारें 16 सेंटिमीटर, आणि सांठा सात काडतुसांचा. 1903 सालीं त्याच कारखान्यानें लष्कर व पोलीस यांजकरितां 9 मिलिमीटरचें मोठें पिस्तूल काढलें, आणि 1906 सालीं बंडीच्या खिशांत मावेल असें 6.35 मिलिमीटरचें. मोठें शस्त्र शिपायास आणि लहान शस्त्र गृहस्थास व प्रवाशास, हा भेद त्यांत स्पष्ट दिसतो. लहान गोळीचा धक्का कमी, म्हणून न सरावलेला हातहि फारसा हालत नाहीं. फिरती नळकांडी नसल्यामुळें शस्त्र चपटें, म्हणून अंगावर दिसत नाहीं. उणीव इतकीच कीं गोळीचा आघात कमी. तेव्हां तें जवळूनच उपयोगी पडतें.

परंतु हे गुण हात पाहून वागत नाहींत. 1904 सालीं फिनलंडचे रशियन गव्हर्नर-जनरल बोब्रिकोव्ह आणि 26 ऑक्टोबर 1909 रोजीं हार्बिन येथें जपानचे इतो हिरोबुमी हे दोघेहि 1900 च्या नमुन्याच्याच पिस्तुलानें मारले गेले. नाशिकची घटना त्यानंतर दोन महिन्यांच्या आंतली.

हिंदुस्थानांत 1878 च्या शस्त्रकायद्यानें परवान्यावांचून शस्त्र बाळगणें गुन्हा ठरविलें होतें. म्हणून विनायक दामोदर सावरकर यांनीं लंडनहून इंडिया हाऊसचे स्वयंपाकी चतुर्भुज अमीन यांजबरोबर वीस ब्राउनिंग पिस्तुलें पेटीच्या दुहेरी तळांत दडवून पाठविलीं. अशा तळांत लष्करी बंदूक मावती ना! अमीन मार्च 1909 च्या आरंभीं मुंबईस उतरले. तत्पूर्वीं, 28 फेब्रुवारीस, बाबाराव सावरकर पकडले गेले होते. जॅक्सन यांनीं त्यांचा खटला वरच्या कोर्टाकडे पाठविला व 8 जूनला त्यांस जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. औरंगाबाद तेव्हां निजामाच्या राज्यांत असलें, तरी मनमाडमार्गें रेल्वेनें नाशिकशीं जोडलेलें होतें. जॅक्सन यांच्या निरोपानिमित्त विजयानंद नाट्यगृहांत ‘शारदा’ नाटकाचा प्रयोग होता; तेथें कान्हेरे यांनीं त्यांजवर गोळ्या झाडल्या. ता. 19 एप्रिल 1910 रोजीं ठाण्याच्या तुरुंगांत कान्हेरे, कृष्णाजी गोपाळ कर्वे व विनायक नारायण देशपांडे यांस फांशी झाली. खुनांत वापरलेलें पिस्तूल त्या वीसांपैकींच असल्याचें कोर्टांत ठरलें, आणि त्यावरून 30 जानेवारी 1911 रोजीं सावरकरांस दुसरी जन्मठेप मिळाली.

आतां जो वाचक पुराणवस्तूंचा अभ्यासक आहे त्याची अडचण येथें सुरू होते. जॅक्सन हे संस्कृतज्ञ. लोक त्यांस पंडित म्हणत. भगवानलाल इंद्रजी यांचा गुजराथच्या प्राचीन इतिहासाचा अपुरा राहिलेला ग्रंथ त्यांनींच पूर्ण केला, व तो 1896 सालीं मुंबई गॅझेटियरांत निघाला. त्यांनीं जमविलेली गुजराथ-कोंकणच्या लोकाचारांची सामग्री त्यांच्या मागें एन्थोव्हेन यांनीं छापली. आपल्या कपाटांत ते ग्रंथ आहेत आणि आपल्या मनांत त्या अठरा वर्षांच्या मुलाविषयीं आदर आहे. धर्मशास्त्रकार आततायी सहा सांगतात. त्यांत शस्त्र घेऊन अंगावर येणारा एक. निरोपाच्या नाटकास आलेला निःशस्त्र अधिकारी त्या व्याख्येंत बसत नाहीं. परंतु परक्या देशाचें शस्त्र हिरावून त्यावर राज्य करणारी सत्ता बसते कीं नाहीं, हा प्रश्न खोटा म्हणतां येत नाहीं. यांतील एक बाजू झांकून लिहिलेली नोंद ती इतिहासाची नव्हे.

1959 च्या कायद्यानें 1878 चा कायदा गेला. परवाना मात्र राहिला. आजहि परवानाधारक नागरिकाच्या हातीं बहुधा .32 व्यासाचेंच, म्हणजे जवळजवळ त्याच 7.65 मिलिमीटरचें शस्त्र असतें. तेव्हां संग्राहकांस विनंति इतकीच कीं, असें पिस्तूल हातीं आल्यास त्यावर तीन गोष्टी लिहून ठेवाव्या: कारखान्यानें तें कोणासाठीं केलें, कोणत्या कायद्याखालीं तें बाळगलें गेलें, आणि शेवटीं तें कोणावर चाललें. पहिल्या दोन गोष्टी सनांवरून मिळतात. तिसरी लिहितांना मारणारा व मेलेला या दोघांचींहि नांवें पुरतीं लिहावीं.