क्रीडास्मृतींचें मोल

नाणीं आणि पोथ्या जमविणाऱ्यांप्रमाणेंच ऑलिंपिक सामन्यांच्या मशाली, पदकें व चषक जमविणाऱ्यांचाहि एक वर्ग आज जगभर आढळतो. या वस्तूंची किंमत बाजारांत कशी ठरते, हें पाहणें मोठें उद्बोधक आहे.

ऑलिंपियाहून मशाल धांवत नेण्याची प्रथा पुष्कळांस प्राचीन वाटते. परंतु ती १९३६ च्या बर्लिन सामन्यांपासूनची. त्या वेळीं तीन हजारांहून अधिक धांवपटूंनीं ज्योत वाहिली, आणि मशाली त्यांच्या संख्येहूनहि अधिक घडविल्या गेल्या. उलट, १९५२ च्या हेलसिंकी सामन्यांकरितां अवघ्या २२ मशाली तयार झाल्या. अर्थातच संग्राहकांची झुंबड या २२ मशालींवर पडते.

परंतु दुर्मिळता हें एकच माप नव्हे. १८९६ सालीं अथेन्स येथें पहिली मॅरेथॉन शर्यत स्पिरिडॉन लुईस या ग्रीक पाणक्यानें जिंकली. शर्यतीची कल्पना फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ मिशेल ब्रेआल यांची. विजेत्यास दिलेला रुप्याचा चषकहि त्यांचाच. उंची जेमतेम सहा इंच! शतकाहून अधिक काळ तो लुईसच्या वंशजांकडे राहिला. २०१२ सालीं लंडनच्या लिलावांत त्यास ५,४१,२५० पौंड आले. तो घेणाऱ्या ग्रीक न्यासानें मात्र चषक तिजोरींत न कोंडतां लोकांच्या दर्शनास ठेविला.

महाराष्ट्रासहि हा प्रश्न परका नाहीं. त्याच हेलसिंकी सामन्यांत कऱ्हाडजवळील गोळेश्वरचे मल्ल खाशाबा जाधव यांनीं कांस्यपदक मिळविलें. स्वतंत्र भारताचें तें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांच्या प्रवासखर्चासाठीं कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनीं स्वतःचें घर गहाण ठेविलें होतें. पुढें खाशाबांच्या नांवें गांवीं कुस्तीचें शिक्षणकेंद्र उभारण्याचें आश्वासन रखडलें, आणि २०१७ सालीं त्या कार्यासाठीं पदकच लिलावांत काढण्याचा विचार कुटुंबियांस बोलून दाखवावा लागला.

संग्राहक जुन्या वस्तु नाशापासून वांचवितो, हे त्याचे उपकार खरे. तथापि मशालीची किंमत २२ या आंकड्यानें ठरली, तशी या पदकाची ठरविणार कशी? त्यामागें एका गुरुजनाचें गहाण पडलेलें घर आहे. ती हकीकत पुढच्या पिढीस सांगणारें कोणी उरलें नाहीं, तर बंद कपाटांत कांशाचा एक तुकडा तेवढा उरेल.