पांढरा क्लोव्हर : डोंगराळ कुरणांतील पृष्ठपेरणी

नांगरता न येणाऱ्या उतारांवर, जमिनीची मशागत न करता, बी पृष्ठभागावर फोकून कुरण सुधारण्याच्या पद्धतीस पृष्ठपेरणी म्हणतात. पांढरा क्लोव्हर (लॅ. ट्रायफोलियम रिपेन्स, कुल–लेग्युमिनोजी) या शिंबावंत चाऱ्यासाठी तिचा विशेष व्यापक अवलंब न्यूझीलंडमध्ये झाला. भारतात परिचित असलेली बरसीम याच वंशातील होय. पांढरा क्लोव्हर ही बहुवर्षायू वनस्पती जमिनीसरपट वाढते. तिच्या धावत्या खोडांना पेऱ्यांपाशी मुळे फुटत असल्याने ती सततच्या चराईतही टिकते. मुळांवरील गाठींतील ऱ्हायझोबियम सूक्ष्मजंतू हवेतील नायट्रोजनाचे स्थिरीकरण करतात. तो पुढे सोबतच्या गवतांना मिळतो.

पार्श्वभूमी : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात व विसाव्याच्या प्रारंभी यूरोपीय वसाहतकऱ्यांनी उत्तर बेटावरील डोंगरांची अरण्ये तोडून जाळली आणि राखेवर गवताचे बी फोकले. राखेची सुपीकता काही वर्षांतच ओसरली. गवत विरळ झाले, नेचे व मानुकाची झुडपे पुन्हा माजली आणि उघड्या उतारांवर दरडी कोसळू लागल्या. अनेक शेते सोडून द्यावी लागली. मृदेची धूप हा राष्ट्रीय प्रश्न ठरून १९४१ मध्ये मृदासंधारण व नदीनियंत्रण अधिनियम संमत झाला.

तंत्र : पामर्स्टन नॉर्थ येथे १९३६ मध्ये स्थापन झालेल्या तृणभूमी विभागाने ब्रूस लेव्ही (१८९२–१९८५) यांच्या नेतृत्वाखाली या प्रश्नाचा अभ्यास केला. पोहांगिना खोऱ्याजवळील ते आवा येथे सकलिंग यांनी तीव्र उतारांवर दीर्घकाळ प्रयोग केले. नुसते बी टाकून भागत नाही, हा त्यांतील मुख्य धडा होय. पेरणीपूर्वी मेंढ्या व गुरे दाटीने चारून जुने गवत खाली आणावे लागते. अन्यथा कोवळे रोप सावलीत व स्पर्धेत मरते. बी अत्यंत बारीक असून उघड्यावर पडलेले असल्याने ओलावा टिकणारा काळ साधावा लागतो. पेरणीनंतर थोडा वेळ जनावरे फिरविल्यास त्यांच्या खुरांनी बी मातीत दाबले जाते. क्लोव्हरला योग्य असे सूक्ष्मजंतू ज्या मृदेत नसतात, तेथे बियांवर त्यांचे संवर्धन लावून वर चुनखडीच्या भुकटीचे आवरण देतात. मात्र फॉस्फरसाचा व काही ठिकाणी गंधकाचा आणि मॉलिब्डेनमचा पुरवठा नसेल, तर हे सर्व व्यर्थ जाते.

विमानांचा उपयोग : शेकडो मीटर उंचीच्या कड्यांवर खत पोहोचविणे हीच खरी अडचण होती. १९४८ मध्ये हवाई दलाच्या ॲव्हेंजर विमानांतून सुपरफॉस्फेट टाकण्याच्या चाचण्या झाल्या आणि १९४९ मध्ये टायगर मॉथ विमानांच्या साहाय्याने व्यावसायिक कामास आरंभ झाला. बी व खत विमानाने टाकणे लवकरच नित्याचे झाले. या खतासाठी लागणारे फॉस्फेट मुख्यतः नाउरू व बानाबा या पॅसिफिकमधील बेटांवरून येत असे. खाणींनी बानाबाची भूमी उद्ध्वस्त केली. १९४५ मध्ये तेथील बहुतेक रहिवाशांना फिजीतील राबी बेटावर हलविण्यात आले. डोंगरांवरील हिरवळीची किंमत अशा रीतीने दूरच्या बेटवासीयांनीही मोजली.

वाण : सपाटीवरील सुपीक कुरणांसाठी उपयुक्त ठरलेला हुइया हा वाण डोंगरांवरही मोठ्या प्रमाणावर पेरला गेला. परंतु कमी सुपीकता व मेंढ्यांची तळापर्यंतची चराई यांत लहान पानांचे, दाट धावत्या खोडांचे प्रकार अधिक टिकतात, असे दिसून आले. उत्तर बेटावरील जुन्या डोंगराळ कुरणांत टिकून राहिलेल्या अशा वनस्पतींतून निवड करून ताहोरा हा वाण तयार करण्यात आला व १९८०–९० या दशकात तो प्रचारात आला.

मर्यादा : १९८४ नंतर शासकीय अर्थसाहाय्य काढून घेतल्यावर डोंगरांवरील खतांचा वापर घटला. बॅलन्ट्री संशोधन केंद्रातील दीर्घकालीन प्रयोगात खत थांबविलेल्या भागांत क्लोव्हरचे प्रमाण व चाऱ्याचे उत्पन्न दोन्ही कमी होत गेले. १९९६ मध्ये क्लोव्हरची मुळे खाणारा सोंडकिडा देशात आढळला. त्याच्या नियंत्रणासाठी २००६ मध्ये आयर्लंडमधील परजीवी गांधीलमाशी सोडण्यात आली. पृष्ठपेरणीने क्लोव्हर एकदाचा रुजतो, पण तो टिकविण्यासाठी फॉस्फेट व नियंत्रित चराई यांची जोड कायम लागते, हे या इतिहासातून स्पष्ट होते.