बी-विंगमधलं जर्मन बिऱ्हाड

१९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, तेव्हापासून बाहेरगावची माणसं इथे बिऱ्हाड करीत आली. २००९ मध्ये चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला, मर्सिडीजही पिंपरीहून तिकडे गेली आणि परदेशी कुटुंबं घरं शोधू लागली. पुढे आपल्या बी-विंगमध्ये एक जर्मन कुटुंब भाड्याने आलं. कमिटीत ‘परदेशी नकोत’ म्हणणाऱ्यांत मीही होतो. (तेव्हा खजिनदार!) आपल्याकडे पाणी दोनच वेळा सुटतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. पहिला आठवडाभर आमच्या हिने रोज बादली भरून दिली. बाई मंडईत ‘पावशेर’ म्हणायला शिकल्या. गणपतीत मुलगी आरतीला टाळ वाजवी, तालाला सोडून. दोन वर्षांनी गेले. बादली घासूनपुसून परत दिली. हिने ती अजून भंगारात काढू दिलेली नाही.