फोटो-फ्रेमिंगची यंत्रे : बिघाड आणि दुरुस्ती (हिंगोली जिल्हा)

फोटो-फ्रेमिंगची यंत्रे : छायाचित्र, देवाची तसबीर, मानपत्र किंवा आरसा यांना चौकट बसवणाऱ्या दुकानातील साधने. पट्टी कापणे, कोन जोडणे, माउंट कापणे, काच कापणे आणि मागचा पुठ्ठा पक्का करणे ही त्यांची कामे. प्रस्तुत नोंदीत या यंत्रांचे नेहमीचे बिघाड कसे ओळखावेत आणि हिंगोली जिल्ह्यात त्यांची दुरुस्ती कोणाकडून करून घेता येते, याचा विचार केला आहे.

हिंगोली जिल्हा 1 मे 1999 रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झाला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत असे त्याचे पाच तालुके. येथील फ्रेमवाल्याचे गिऱ्हाईक घराघरांत आहे. औंढ्याच्या नागनाथाची आणि नर्सीच्या नामदेवांची तसबीर, दिवंगत वडीलधाऱ्यांचे छायाचित्र, निवृत्तीचे मानपत्र, बाबासाहेबांची आणि बुद्धाची प्रतिमा ही त्याची रोजची कामे. राजा रविवर्मा यांचा शिळाछाप कारखाना 1894 मध्ये मुंबईत सुरू झाला आणि रंगीत देवचित्रे सामान्य घरांच्या आवाक्यात आली. भिंतीवर चौकट लावण्याची रीत त्यानंतर फार पसरली. मागणी मात्र वर्षभर सारखी नसते. 14 एप्रिलच्या आधीचे दिवस, लग्नसराई आणि गणपती ते दिवाळी या काळात कामाची गर्दी होते. नेमके त्याच वेळी यंत्रावर सर्वांत जास्त ताण येतो आणि बंद पडलेल्या एका मशीनमुळे दिलेले वायदे चुकतात.

एका जिल्ह्याच्या बाजारावर फक्त फ्रेमिंग मशीन दुरुस्त करणाऱ्या कारागिराचे पोट भरणे अवघड आहे. म्हणून दुकानदार बहुतेक वेळा विकणाऱ्या कंपनीच्या माणसाची वाट पाहतो, आणि ती वाट लांबते. खरे पाहता या यंत्रांत गूढ असे फारसे काही नाही. मोटार, बेअरिंग, पाते, हवेचा सिलिंडर आणि स्प्रिंग एवढ्यांत बहुतेक यंत्र संपते, आणि यांतील प्रत्येक भाग जाणणारा माणूस शेतीच्या या जिल्ह्यात आधीपासून आहे. दोष नेमका कोणत्या भागात आहे हे दुकानदाराला सांगता आले, तर निम्मी दुरुस्ती तिथेच झाली असे समजावे.

पट्टी कापण्याचे यंत्र : लहान दुकानांत दोन प्रकार आढळतात. पहिला विजेवरचा कटर. त्यात साधारण 10 इंची गोल ब्लेड 45 अंशांवर फिरवून बसवलेले असते. दुसरा पायाने दाबायचा कटर. डेन्मार्कच्या मोर्सो कंपनीचा कटर या प्रकाराचा नमुना मानला जातो. त्यात काटकोनात बसवलेली दोन पाती एकाच दाबात दोन्ही बाजूंचे कोन कापतात. त्याला वीज लागत नाही, ही भारनियमनाच्या दिवसांत मोठी सोय. पॉलिस्टायरीनची, म्हणजे बाजारात फायबर किंवा सिंथेटिक म्हणून मिळणारी पट्टी आल्यापासून विजेचा कटर जास्त चालतो, कारण ही पट्टी पात्याच्या दाबाखाली चिरण्याची भीती असते.

सर्वांत जास्त येणारी तक्रार म्हणजे कोपऱ्यात राहणारी फट. ती कुठे आहे यावरून दोष कळतो. पट्टीच्या टोकाचा कोन 45 अंशांपेक्षा मोठा कापला गेला की सांध्याच्या आतल्या कडा आधी भिडतात आणि फट बाहेर राहते. कोन लहान पडला की बाहेरची टोके भिडतात आणि फट आत राहते. एका चौकटीत आठ काप असतात. प्रत्येक काप अर्धा अंश चुकला तर शेवटच्या कोपऱ्यावर चार अंशांची चूक साचते. तीन कोपरे बरे दिसतात, चौथा जुळत नाही, आणि दोष जोडणाऱ्या पोऱ्यावर येतो. तपासणी सोपी आहे. टाकाऊ पट्टीचे दोन तुकडे कापून जोडावेत आणि आत गुण्या लावून पाहावे. गुण्या नीट बसला तरीही चौकट मिटत नसेल, तर समोरासमोरच्या बाजू सारख्या लांबीच्या नाहीत. त्या वेळी कोनाला हात न लावता मापाचा अडसर, म्हणजे स्टॉपर, घट्ट आहे का ते पाहावे. दर्शनी बाजूने सांधा मिटलेला आणि मागून उघडा, किंवा उलट, असे दिसले तर ब्लेड टेबलाला काटकोनात उभे नाही, किंवा पट्टीखाली भुसा अडकून ती उचलली गेली आहे. हे दुसरे कारण इतके वारंवार आढळते की कोणताही स्क्रू सैल करण्याआधी टेबल झाडून घ्यावे.

कापलेली कड जळकी दिसणे, फायबरची पट्टी वितळून ब्लेडला चिकटणे, कडेचे पॉलिश टवके होऊन उडणे ही बोथट किंवा माखलेल्या ब्लेडची लक्षणे होत. प्लग काढून ब्लेड उतरवावे, डिझेलमध्ये भिजवावे आणि पितळी ब्रशने दात साफ करावेत. एवढ्याने काम भागले नाही तर धार लावावी लागते. कार्बाइडचे दात असलेल्या ब्लेडला, म्हणजे टीसीटी ब्लेडला, कानस चालत नाही, हिऱ्याच्या चाकाचेच मशीन लागते. गावच्या आरा मशीनवर साध्या पोलादी करवतीला धार लावणारा कारागीर कितीही कसबी असला तरी त्याच्याकडे हे ब्लेड देऊ नये. त्याऐवजी अ‍ॅल्युमिनियम सेक्शनच्या खिडक्या करणाऱ्यांकडे चौकशी करावी. त्यांचा कटर याच जातीचा असतो आणि धार लावायला ते ब्लेड कुठे पाठवतात, हे त्यांना ठाऊक असते. नवे ब्लेड घेताना मधल्या भोकाचे माप (25.4 मिमी की 30 मिमी) पाहूनच घ्यावे. पायाच्या कटरची दोन्ही पाती एकाच वेळी, सारखीच घासून घ्यावी लागतात. एक पाते जास्त घासले गेले की कोन बिघडतो. साध्या ग्राइंडरवर पाते तापून निळे पडले तर पोलादाचे पाणी उतरते आणि ती धार टिकत नाही.

हाताने वापरायच्या विजेच्या कटरमध्ये बहुधा कार्बन ब्रशची मोटार असते. मोटार अडखळणे, मधेच बंद होऊन ठोकल्यावर सुरू होणे, आत ठिणग्या वाढणे ही ब्रश झिजल्याची चिन्हे. ब्रश नेहमी जोडीने बदलावेत आणि जुना ब्रश नमुना म्हणून सोबत न्यावा. नवे ब्रश घालूनही ठिणग्यांचे पूर्ण कडे दिसत असेल तर आर्मेचर तपासून घ्यावे. पट्ट्यावर चालणाऱ्या कटरची मोटार वेगळी असते. ती नुसती गुणगुणते आणि फिरत नाही तेव्हा पहिला संशय कपॅसिटरवर घ्यावा. बाजारात त्याला कंडेन्सर म्हणतात आणि तो स्वस्तात मिळतो. वाइंडिंग जळले असे कोणी सांगण्यापूर्वी तो बदलून पाहायला सांगणे रास्त आहे. खेड्यात वाहिनीच्या टोकाला विजेचा दाब 230 व्होल्टच्या खाली उतरतो, त्यात लांब आणि बारीक एक्स्टेन्शन वायरची भर पडते. मोटार तापण्याचे कारण पुष्कळदा यंत्राबाहेर असते ते असे.

कोन जोडण्याचे यंत्र : याला अंडरपिनर किंवा नुसते पिन मशीन म्हणतात. इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराची पोलादी पिन ते खालून सांध्यात ठोकते. पायाने चालणारे आणि हवेवर चालणारे असे त्याचे दोन प्रकार आहेत. पिन पूर्ण आत न जाता मागे उभी राहिली तर हवेचा दाब (साधारण 5 ते 6 बार लागतो) आधी पाहावा, मग पिन ठोकणारा हातोडा, म्हणजे हॅमर, तपासावा. त्याचे टोक झिजले किंवा चेपले की पिन तिरकी जाते. पिन दर्शनी बाजूने बाहेर आली तर दोष मशीनचा नसून मापाचा असतो. पट्टीच्या पातळ भागापेक्षा पिन निदान 3 मिमी आखूड हवी. सागवानासारख्या कठीण लाकडाला आणि मऊ लाकडाला वेगवेगळ्या जातीच्या पिना येतात. त्या बदलल्या गेल्या तर लाकूड फुटते किंवा पिन दुमडते. खालून सांधा गच्च आणि वरून उघडा दिसला तर पट्टी टेकवायच्या काटकोनी आधाराचा कल तपासावा. पिन खालचा भाग ओढून घेते, तिला वरून तोलणारा दाब बरोबर मध्यावर पडायला हवा. एका कंपनीची पिन दुसऱ्या मशीनमध्ये चालेलच असे नाही. फ्रान्सच्या कॅसेसे आणि इटलीच्या आल्फामाकिने या कंपन्यांच्या पिनांची बांधणी वेगळी आहे, आणि भारतात बनणारी बरीच मशिने यांपैकी एकीच्या घाटावर असतात. घेतानाच ते विचारून ठेवावे.

हवेचा कॉम्प्रेसर पावसाळ्यात त्रास देतो. टाकीत साचलेले पाणी नळीवाटे पिन मशीनमध्ये गेले की सिलिंडर गंजतो आणि रबरी ओ-रिंग फुगते. रोज संध्याकाळी खालचा कॉक उघडून पाणी सोडले तर हा खर्च येतच नाही. टाकी रिकामी असताना कॉम्प्रेसर सुरू होतो, पण हवा भरलेली असताना अडतो, असे झाल्यास अनलोडर व्हॉल्व्ह किंवा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह पाहावा. टायरचे पंक्चर काढणाऱ्या दुकानदाराला हा दोष चांगला माहीत असतो.

माउंट कटर आणि काचेचा हिरा यांत बिघडण्यासारखे थोडेच. माउंटच्या तिरक्या कापाला कोपऱ्यात आकडी पडली तर पाते बदलावे आणि खाली जुन्या बोर्डाची पट्टी ठेवावी. चाकाच्या काच-कटरची रेघ तुटक आली तर चाक झिजले आहे. ते बदलावे, जोर वाढवू नये.

दुरुस्तीची ठिकाणे : पाणबुडी पंप आणि मोटारी भरणारी वाइंडिंगची दुकाने हिंगोली, वसमत आणि कळमनुरीच्या बाजारांत हाताशी आहेत. कटरच्या मोटारीचे वाइंडिंग, बेअरिंग आणि आर्मेचर ही कामे तिथे होतात. हंगामात त्यांच्याकडे पंपांची रांग असते, म्हणून फ्रेमवाल्याने आपले काम उन्हाळ्याच्या सुरुवातीला किंवा भर पावसात द्यावे. शेतीची अवजारे करणारे लेथवाले बुश, शाफ्ट आणि अंडरपिनरचा हॅमरही करून देतात. मात्र हॅमर टूल स्टीलचा आणि हार्डनिंग केलेला हवा. साध्या लोखंडाचा हॅमर थोड्या दिवसांत चेपतो आणि सगळी मेहनत वाया जाते. हिंगोलीच्या शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून शिकून निघणारी मुले हा या कामाचा उद्याचा आधार आहे. दुकानदारांनी त्यांना एकदा दुकानात बोलावून यंत्र उघडून दाखवावे, असे प्रस्तुत लेखकास मनापासून वाटते.

जिल्ह्यात न होणाऱ्या कामासाठी नांदेड, अकोला किंवा छत्रपती संभाजीनगर गाठावे लागते. पूर्णा-अकोला रेल्वेमार्ग 2008 मध्ये रुंद झाल्यापासून वसमत आणि हिंगोलीहून दोन्ही दिशांना जाणे सोपे झाले आहे. बॉश, माकिता, देवॉल्ट यांसारख्या कंपन्यांचे कटर असतील तर अधिकृत सेवा केंद्राचा पत्ता कंपनीकडूनच घ्यावा, दुकानाच्या पाटीवर विसंबू नये. दूरच्या कारागिराला संपूर्ण मशीन पाठवण्याआधी नावाच्या पट्टीचे छायाचित्र, आवाजाची छोटी चित्रफीत आणि सदोष कापाचा नमुना पाठवावा. पुष्कळदा एका सुट्या भागाच्या पार्सलवर काम भागते.

ग्राहक म्हणून हक्क : ग्राहक संरक्षण कायदा, 2019 हा 20 जुलै 2020 पासून लागू झाला. व्यापारी हेतूने घेतलेल्या वस्तू त्यातून वगळलेल्या आहेत. परंतु केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी स्वतः वापरायला घेतलेली वस्तू त्या अपवादात मोडत नाही. स्वतः मशीन चालवणारा लहान फ्रेमवाला याच वर्गात येतो, आणि ही गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. मशीन मुंबई-दिल्लीहून मागवले असले तरी तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दाद मागता येते. मुदत दोन वर्षांची आहे, आणि 5 लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. त्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. केंद्राने डिसेंबर 2022 मध्ये सुरू केलेले ‘राइट टू रिपेअर’ संकेतस्थळ शेतीची अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक उपकरणे, घरगुती उपकरणे आणि वाहने यांच्यापुरते आखले होते. फ्रेमिंगची यंत्रे त्या चार गटांत बसत नाहीत, त्यामुळे पक्के बिल आणि शिक्का मारलेले वॉरंटी कार्ड हाच दुकानदाराचा मुख्य पुरावा ठरतो.