जुन्या मोटारीचा खर्च: पंधरा वर्षांनंतरचा हिशेब

मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षे वैध असते. त्यानंतर परिवहन कार्यालयात वाहनाची तपासणी करून घेऊन दर ५ वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते. त्याचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५ हजार रुपये करण्यात आले. ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांहून जुन्या मोटारींसाठी ते १० हजार रुपये झाले. महाराष्ट्रात याशिवाय पर्यावरण कर द्यावा लागतो. दिल्ली परिसरात जुन्या वाहनांवर वेगळे निर्बंध आहेत.

देखभालीत वापराइतकेच वयही महत्त्वाचे ठरते. ब्रेक ऑइल हवेतील आर्द्रता शोषून घेते. त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो आणि लांब घाट उतरताना ब्रेकची पकड सुटू शकते. म्हणून मोटार कमी चालली असली तरी साधारणतः दोन वर्षांनी ते बदलणे हिताचे असते. टायमिंग बेल्टचे रबरही काळानुसार कमकुवत होते. तो चालत्या गाडीत तुटल्यास अनेक इंजिनांमध्ये पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि दुरुस्तीचा खर्च बेल्टच्या किमतीच्या अनेक पट होतो.

पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळले जाऊ लागल्यापासून जुन्या मोटारींचे मायलेज काहीसे घटते. इंधनवाहिन्यांचे रबरी भागही वेळोवेळी तपासणे आवश्यक ठरते.

नूतनीकरणाचे शुल्क भरण्यापूर्वी मोटारीच्या तळाचा पत्रा गंजलेला नाही ना, याची खात्री करून घ्यावी. इंजिनाचे सुटे भाग बदलता येतात; गंजलेल्या सांगाड्यावरील खर्च मात्र क्वचितच भरून निघतो.