वीस हजारांची यादी

सईला सीईटीत ९१ पर्सेंटाइल मिळाले त्या संध्याकाळी अण्णांच्या मोबाईलवर तीन अनोळखी फोन आले. नंबर कुठून मिळाला, देव जाणे. तिघेही 'ॲडमिशन काउन्सेलर' होते. त्यातल्या एकाकडे आम्ही तासगावहून सांगलीला गेलो. एसी ऑफिस, भिंतीवर गेल्या वर्षीच्या मुलांचे फोटो, प्रत्येक फोटोखाली कॉलेजचं नाव. फी वीस हजार. त्या बदल्यात सईचा ऑप्शन फॉर्म ते भरणार. चांगलं कॉलेज लागलं नाही, तर निम्मे पैसे परत.

अण्णांना ते 'निम्मे परत' फार आवडलं. परतीच्या एसटीत ते म्हणाले, "माणूस खात्री असल्याशिवाय असं बोलत नाही." मी काही बोलले नाही, पण रात्री तात्यांना फोन केला. तात्या म्हणजे माझे काका. ते ऐकून हसले आणि म्हणाले, "माझ्या वेळच्या माणसानं तर पूर्ण पैसे परत द्यायची बोली केली होती."

ती गोष्ट १९९४ ची. तेव्हा इंजिनिअरिंगला सीईटी नव्हती. बारावीच्या भौतिक, रसायन आणि गणिताच्या गुणांवर यादी लागायची. सांगलीच्या स्टँडजवळच्या एका लॉजवर एक एजंट उतरायचा. आजोबांनी बेदाण्याचे आलेले दहा हजार रुपये त्याच्या हातात ठेवले. यादी लागली, तात्यांचं नाव त्यात होतं, तेही फ्री सीटवर. आजोबा पेढे घेऊन लॉजवर गेले.

एजंटानं काय केलं होतं, हे तात्यांना कॉलेजच्या तिसऱ्या वर्षी कळलं. होस्टेलवर त्याचंच नाव घेणारी आणखी चार मुलं निघाली. सगळ्यांना आपापल्या गुणांवरच प्रवेश मिळालेला होता. तो गडी वीस-पंचवीस जणांकडून पैसे घ्यायचा आणि स्वस्थ बसायचा. ज्यांची नावं यादीत यायची त्यांचे पैसे ठेवायचा, ज्यांची यायची नाहीत त्यांचे प्रामाणिकपणे परत करायचा. त्यामुळे पंचक्रोशीत त्याच्याबद्दल कुणी वाईट बोलत नसे. आजोबा तर शेवटपर्यंत त्याला देवमाणूस म्हणायचे.

पण आजोबांसारखा हिशेबी माणूस यात फसला कसा? याचं उत्तर त्याआधीच्या दहा वर्षांत आहे.

महाराष्ट्रात इंजिनिअरिंगची कॉलेजं पूर्वी बोटांवर मोजण्याइतकी होती. पुण्याचं १८५४ चं, मुंबईचं व्हीजेटीआय १८८७ चं, आमच्या सांगलीचं वालचंद १९४७ चं. जागा थोड्या. ज्यांच्याकडे पैसा होता ते कर्नाटकात जायचे, कारण मणिपालला डॉ. टी. एम. ए. पै यांनी १९५३ मध्ये खासगी मेडिकल कॉलेज काढून, विद्यार्थ्यांकडून मोठी रक्कम घेऊन संस्था चालवायचा रस्ता दाखवला होता. १९८३ मध्ये मुख्यमंत्री वसंतदादा पाटील यांनी महाराष्ट्रात विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी दिली. आपली मुलं आणि आपला पैसा राज्याबाहेर का जावा, असा त्यामागचा विचार. दादा स्वतः जेमतेम शिकलेले आणि आमच्याच जिल्ह्यातले. त्या एका निर्णयानं खेड्यापाड्यातली हजारो मुलं इंजिनिअर झाली. त्याच निर्णयानं 'डोनेशन' हा शब्द मराठी घरांत कायमचा राहायला आला आणि 'शिक्षणसम्राट' हा नवा शब्द घडला.

डोनेशनचा भाव कुठे लिहिलेला नसतो. मग तो कळलेला माणूस लागतो. एजंटाचा धंदा इथून सुरू झाला. १९८७ मध्ये राज्यानं कॅपिटेशन फीला बंदी करणारा कायदा केला. व्यवहार थांबला नाही, फक्त त्याची पावती मिळेनाशी झाली. दहा वर्षं लोकांनी हेच पाहिलं होतं. त्यामुळे ओळखीशिवाय सीट मिळते, यावर आजोबांचा विश्वास बसणं शक्यच नव्हतं.

पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. कर्नाटकात सरकारी कोट्यातल्या मेडिकलच्या विद्यार्थ्याला वर्षाला २ हजार रुपये फी होती, राज्यातल्या इतरांना २५ हजारांपर्यंत आणि बाहेरून आलेल्यांना ६० हजारांपर्यंत. मेरठच्या मोहिनी जैन यांना ते पैसे भरणं शक्य नव्हतं. त्यांच्या खटल्यात न्यायालयानं १९९२ मध्ये कॅपिटेशन फी बेकायदा ठरवली. पुढच्याच वर्षी उन्नीकृष्णन खटल्याचा निकाल आला: खासगी कॉलेजातल्या निम्म्या जागा 'फ्री', निम्म्या 'पेमेंट', आणि दोन्ही गुणवत्तेवरच भरायच्या. म्हणजे तात्या बारावी झाले तेव्हा एजंटाला करण्यासारखं फारसं उरलंच नव्हतं. नियम बदलला होता, आणि बदललेला नियम आमच्या घरात कुणी वाचला नव्हता. दहा हजार रुपये त्याचे गेले.

त्यानंतर नियम थांबलेच नाहीत. २००२ मध्ये पै फाउंडेशनच्याच खटल्यात अकरा न्यायाधीशांनी ती फ्री-पेमेंटची योजना मोडीत काढली. २००५ मध्ये पुण्याच्या पी. ए. इनामदारांच्या खटल्यात खासगी संस्थांना स्वायत्तता मिळाली, पण प्रवेश पारदर्शक आणि गुणवत्तेवरच हवेत, हेही बजावलं गेलं. २०१५ मध्ये राज्यानं विनाअनुदानित संस्थांचे प्रवेश आणि शुल्क यांसाठी वेगळा कायदा केला. आज ज्या सीईटी सेलच्या साइटवर आपण रात्री बारा वाजता रिफ्रेश मारत बसतो, तो या कायद्यातून आला.

यातल्या बहुतेक पायऱ्या मधल्या माणसाला हटवण्यासाठी होत्या. पण दर पायरीला नियमपुस्तिका जाड होत गेली, आणि पुस्तिका वाचणारा हाच नवा मधला माणूस झाला. काउन्सेलर चोर आहे, असं मी म्हणत नाही. तो वाचून दाखवायचे पैसे घेतो. प्रश्न एवढाच, की ते आपल्याला वाचता येतं का?

दोन रात्री मी आणि सईनं गेल्या वर्षीच्या कटऑफच्या पीडीएफ उघडल्या. त्या साइटवर फुकट आहेत. पहिली रात्र 'जीओपनएस' आणि 'एलओबीसीएच' म्हणजे काय हे समजण्यात गेली. सुरुवातीचा 'एल' मुलींच्या जागांचा, मधे प्रवर्ग, शेवटचा 'एच' आपल्या विद्यापीठ क्षेत्राचा आणि 'एस' राज्यपातळीचा. एकदा ते कळलं की तक्ता भाजीच्या यादीसारखा वाचता येतो.

दुसऱ्या रात्री मुख्य गोष्ट समजली. संगणक गुणवत्ता क्रमानं एकेक विद्यार्थी घेतो, त्याच्या यादीत वरून खाली येतो आणि जिथे पहिली मोकळी जागा दिसेल ती देतो. वर एखादं अवघड कॉलेज लिहिलं म्हणून खालच्या कॉलेजवरचा हक्क कमी होत नाही. म्हणजे यात डावपेच नाहीत. जे जास्त हवं ते वर लिहायचं. सांभाळायचं एवढंच, की पहिला पर्याय लागला तर तो स्वीकारावाच लागतो, म्हणून मनापासून नको ते वर ठेवायचं नाही.

दरम्यान काउन्सेलरचा पुन्हा फोन आला. एका कॉलेजात मॅनेजमेंटची सीट 'पक्की' करून देतो म्हणाला. अण्णा डळमळले. तेव्हा मी त्यांना जुलै २०२४ चा शासन निर्णय दाखवला. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना शिक्षण शुल्क शंभर टक्के माफ आहे, पण प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झाला तरच. मॅनेजमेंटच्या जागेला ती माफी नाही. त्या 'पक्क्या' सीटपायी सईची चार वर्षांची माफी गेली असती. अण्णांनी तो नंबर ब्लॉक केला.

सईला दुसऱ्या फेरीत तिसरा पर्याय लागला. पहिल्या दोन्हींचा कटऑफ तिच्या पर्सेंटाइलच्या वर थांबला होता. वीस हजार भरूनही तो खाली आला नसता.

तात्यांना कळवलं तर ते म्हणाले, "तुझ्या आजोबांकडे वाचून दाखवणारं कुणी नव्हतं गं." ते खरंच आहे. आमच्या घरात मी होते, म्हणून वीस हजार वाचले. शेजारच्या घरात अशी कुणी नाही. तिथल्या मुलाचा फॉर्म त्या रविवारी आमच्या सोप्यात बसून भरला. त्याचं नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्र मार्चमध्येच संपलं होतं आणि ते कुणाच्याच लक्षात आलेलं नव्हतं. कॉलेजांची यादी तशीच ठेवून आम्ही आधी त्याला तहसीलला पाठवलं.