टिळकनगरात पाहुणे येणार

पहाटे जाग येते ती थंडीनं. तारीख 24 डिसेंबर 1936. अंगाखाली वाळलेलं गवत, त्यावर घोंगडी, आणि उशाशी बांबूच्या तट्ट्याची भिंत. तिच्या फटींतून सातपुड्याकडचा वारा बेधडक आत शिरतो. तुम्ही पूर्व खानदेशात, फैजपुरात आहात. छातीवर स्वयंसेवकाचा बिल्ला आहे. काँग्रेसचं अधिवेशन पहिल्यांदाच एका खेड्यात भरतंय आणि त्यासाठी गावाशेजारच्या शेतात टिळकनगर उभं राहिलंय. उद्या गांधीजी खादी-ग्रामोद्योग प्रदर्शन उघडणार, 27 तारखेला अधिवेशन सुरू.

वकील मंडळींच्या सोयीनं नाताळच्या सुट्टीत जमायची काँग्रेसची जुनी रीत. 1929 साली लाहोरच्या कडाक्यात ती नकोशी झाली. गरीब प्रतिनिधी कुडकुडतात म्हणून अधिवेशनं उन्हाळ्याकडे सरकवायचं ठरलं. फैजपूरनं पुन्हा डिसेंबर पत्करलाय. त्यामुळे तुमचं सकाळचं पहिलं काम गवताचं: भारे सोडायचे, झोपडीझोपडीत जाड थर पसरायचा, वर चटई. कोणी म्हणतं, पातळ पसरा, पुरायला हवं. ऐकू नका. पाहुणा जेवणातलं उणं विसरतो, रात्रभर वाजलेली थंडी विसरत नाही.

उजाडतं तसं नगर दिसू लागतं. कमानी, मंडप, कुंपण, सगळं बांबू, गवत, तट्टे आणि लाकूड यांचं. शांतिनिकेतनचे नंदलाल बोस यांची ही योजना. आपण चित्रकार, वास्तुकार नव्हे, असं त्यांनी गांधीजींना आधी सांगून पाहिलं होतं. ते काही चाललं नाही. गांधीजींचा हट्ट एवढाच, की खेड्यात मिळतं त्यातूनच उभं करा. शहरातून पडदे-झुंबरं आणली असती तर खेड्यात यायचं कारणच काय होतं? एका कमानीपुढे तुम्ही उगाच रेंगाळता. जे रोज गोठ्याच्या छपरावर दिसतं तेच इथं इतकं देखणं कसं झालं, हे कळत नाही.

पण देखणेपणावर पाहुणचार निभत नाही. कुदळ घ्या आणि मागच्या बाजूला चला. तिथं संडासांचे लांबच लांब चर खणायचेत. दर वापरानंतर वरून टाकायला कोरडी माती शेजारी ढिगानं ठेवायची. कॉलेजातून आलेली पोरं आधी नाकं मुरडतात, मग मुकाट खणू लागतात. माझं विचाराल तर अधिवेशनाची खरी परीक्षा इथंच आहे. ठराव एकवेळ पुढे ढकलता येतात.

दुपारी गावात जेवायला जाता. धाब्याचं घर, ताजं सारवलेलं अंगण, पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजलेली हिरवी वांगी, त्यांचं भरीत आणि कळण्याची भाकरी. आत जात्याची घरघर थांबत नाही. हातसडीचा तांदूळ, जात्यावरचं पीठ, असा वर्ध्याहून गांधीजींचा आग्रह. गिरणीचं पीठ चालणार नाही. म्हातारी पीठ भरता भरता विचारते, "शहरातली मानसं ती. आपली भाकर खातीन का रे भो?"

"खातील की, आजीमाय. तीच तर खायला येतायत."

तिला ते फारसं पटलेलं दिसत नाही. तरी ती तुमच्या ताटात आणखी एक भाकरी टाकते.

गाव असं तयार झालं ते आपोआप नव्हे. शंकरराव देव स्वागताध्यक्ष आहेत. खिरोद्याचे धनाजी नाना चौधरी यांनी सगळा परिसर कामाला लावलाय. साने गुरुजी खानदेशात खेड्यापाड्यांतून हिंडून माणसं जागी करत आलेत. त्यांच्या नावानं घरोघरी दार उघडतं, हे तुम्ही स्वतः पाहता.

संध्याकाळी रथाकडे गर्दी. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू मोटारीतून नव्हे, सहा बैलजोड्यांच्या रथातून मिरवत येणार आहेत. रथाची सजावटही नंदलालबाबूंचीच. बैलांना धुऊन काढलंय, शिंगं रंगवायची राहिलीत. एक शेतकरी आपली जोडी पुढे लावा म्हणून हटून बसलाय. त्याचं बरोबर आहे. आपल्या घरचं पाहुण्याच्या नजरेस पडावं, हे कोणाला वाटत नाही?

कंदील पेटतात. रांजण भरून झालेत का, हे पुन्हा एकदा पाहून या. गर्दी अंदाजाला दाद देणार नाही. पाणी दुप्पट धरा.

चार दिवसांनी याच मंडपात शेतसारा आणि खंड कमी करण्याची मागणी करणारा शेतकरी कार्यक्रम मंजूर झालेला असेल आणि पाहुणे परतीच्या वाटेला लागतील. खेड्यात अधिवेशन निभतं, हे फैजपूरनं दाखवून दिलं. त्यानंतर 1938 साली काँग्रेस गुजरातेत हरिपुऱ्याला जमली, तेही खेड्यातच, आणि तिथल्या सजावटीसाठीही गांधीजींनी नंदलाल बोस यांनाच बोलावलं.